तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

सिंहगड रस्ता, पुणे
१८ जून २००१

ती. प्रेमलाआत्यास,
दत्तप्रसादचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नकोस. एकाच गावात राहून पोस्टाने लिहितो आहे, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि जे सांगायचे आहे ते ओरडून सांगण्यासारखे नाही. खालच्या मजल्यावरच्या कांताबाईंना ते तुझ्या आधी कळेल.

सदाशिव पेठेतला माझा कॉम्प्युटर क्लास एक तारखेला बंद केला. गेल्या वर्षीपर्यंत जावा शिकायला मुलांची रांग होती. यवतमाळ-अमरावतीची पोरे कॉट बेसिसवर राहून दोन-दोन कोर्स करायची. मग अमेरिकेतल्या कंपन्या बसल्या, तिकडे गेलेलेच परत येऊ लागले. शेवटच्या महिन्यात क्लासची पायरी चढले ते दोघेच. एकाला शेजारच्या दंतवैद्याचा पत्ता हवा होता आणि दुसरा वीजबिल द्यायला आला होता. ज्या मुंबईच्या कंपनीची शाखा म्हणून मी बोर्ड लावला, तिचा फोनही आता लागत नाही. सहकारी बँकेचे सात लाख चाळीस हजार आणि बाकीचे धरून साडेनऊ लाखांच्या घरात देणे झाले आहे.

नादारीचा अर्ज करावा असे मनात आहे. म्हणजे कोर्टालाच सांगायचे, माझे जे आहे ते घ्या, विकून सगळ्यांना वाटा आणि मला एकदाचे मोकळे करा. तू शिवाजीनगर कोर्टात एकतीस वर्षे काढलीस, नाझर कचेरीतून निवृत्त झालीस. एखादा वकील सुचव. जाणकार हवा आणि फी झेपेल असा हवा. बँकेच्या कागदांचे मी बघतो, त्यात तू लक्ष घालू नकोस.

खरे तर घरी येऊन सांगायला हवे होते. धीर झाला नाही.

तुझा,
दत्तप्रसाद


नारायण पेठ, पुणे
२१ जून २००१

चि. दत्तप्रसाद यास आशीर्वाद.

तुझा शिरसाष्टांग नमस्कार पोचला. पोस्टाने घातला की गुडघे दुखत नाहीत, हे लक्षात आले.

क्लास बंद झाल्याचे वाचले. तुझ्या बोर्डावर 'सहा महिन्यांत अमेरिका' असे लिहिलेले मी स्वतः पाहिले होते. 'तीन वर्षांत शिवाजीनगर कोर्ट' हे खाली बारीक अक्षरात लिहायचे राहिले, एवढेच. आता जे झाले ते झाले. त्यावर मी आणखी दोन पाने लिहू शकते, पण कागद महाग आहे.

जाणकार आणि झेपेल असा वकील हवा म्हणतोस. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, शिकलेली, घरकामाची आवड असलेली' मागतात, तसेच हे. नादारीच्या प्रकरणात पक्षकाराकडे पैसे नाहीत हे पहिल्याच ओळीत कबूल केलेले असते, म्हणून भले भले वकील तिकडे फिरकत नाहीत. जे फिरकतात त्यांतल्या काहींना कायदा कळतो, उरलेल्यांना तुझ्यासारखी माणसे लांबून ओळखता येतात.

नाव मी सांगणार नाही. मी सांगितले की तू डोळे मिटून कागदावर सही करशील. स्वतः हिंड. मंडईत वांगी घेताना देठ उलटून किडके पाहतोस ना, तेवढी तरी अक्कल इथे वापर. जाशील त्या प्रत्येक वकिलाला हे तीन प्रश्न विचार आणि उत्तरे मला जशीच्या तशी कळव.

पहिला. तुम्ही नादारीचे अर्ज किती चालवलेत, आणि शेवटच्या तीन अर्जांचे नंबर काय?
दुसरा. फी किती, कशाकशाची, आणि पावती देणार का?
तिसरा. माझ्या जामीनदाराचे काय होईल?

रूपाली कशी आहे ते तू लिहिले नाहीस. तिला तरी सगळे सांगितले आहेस ना?

प्रेमला पानसे


सिंहगड रस्ता
२९ जून २००१

ती. आत्यास सा. नमस्कार.

तुझे टोमणे वाचले. रूपालीने तर मोठ्याने वाचून दाखवले. तिला सगळे माहीत आहे.

डेक्कनवरच्या ॲड. सूरज मोहोळकरांकडे जाऊन आलो. वर्तमानपत्रात त्यांची 'कर्जातून हमखास सुटका' अशी चौकट दर रविवारी असते. ऑफिस एकदम कॉर्पोरेट, एसी, रिसेप्शनला मुलगी, टेबलावर लॅपटॉप. त्यांनी माझे पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "मिस्टर पानसे, यू जस्ट रिलॅक्स. तीन महिन्यांत तुम्ही फ्री बर्ड." खरे सांगतो, सहा महिन्यांत त्या रात्री प्रथमच मला नीट झोप लागली.

तुझे प्रश्न विचारले. नादारीचे साठ-सत्तर अर्ज चालवलेत म्हणाले. तीन नंबर लिहून दिले, ते सोबत पाठवतो. फी पस्तीस हजार, सगळी आधी. पावतीचे विचारले तर हसले. म्हणाले, "पावती घेतलीत तर कोर्टाला दिसेल ना तुमच्याकडे पस्तीस हजार होते ते!" मला ते पटले.

रूपाली बांगड्या मोडायला तयार आहे. तू हो म्हणालीस की पैसे भरतो.

दत्तप्रसाद


नारायण पेठ
५ जुलै २००१

चि. दत्तप्रसाद,

बांगड्या रूपालीच्या हातातच राहू देत.

मोहोळकरांनी दिलेले तिन्ही नंबर मी दत्तोबाला दिले. नाझर कचेरीतला आमचा जुना शिपाई तो, अजून दोन वर्षे नोकरी आहे त्याची. त्याने रजिस्टर काढून पाहिले. त्यातला एक घटस्फोटाचा आहे. दुसरा पाण्याच्या नळावरून दोन भावांनी केलेला दावा आहे. तिसऱ्या नंबराचे प्रकरण या कोर्टात अजून दाखलच झालेले नाही. मोहोळकर पुढच्या सालातले नंबरही देतात असे दिसते. दत्तोबा मला कागदावर लिहून विचारतो, "बाई, हे वकील कुणाला नादार करतात?" मी खाली लिहिले, अशिलाला.

आणि पावती घेतली तर कोर्टाला दिसेल, हे तुला पटले! तू नादारी मागायला निघाला आहेस, दत्तू. कोर्टापुढे शपथेवर स्वतःचे सगळे मांडायचे असते. तिथे पहिल्याच दिवशी लपवायला शिकवणारा माणूस तुला हुशार वाटला. पुस्तकी शिक्षण झालेल्यांना कोणीही फसवू शकते हे मी कोर्टात रोज पाहत होते, पण घरातले उदाहरण असले की जास्त टोचते.

एसीचे भाडे अशिलाच्या खिशातून जाते, एवढे तरी लक्षात ठेव. दुसरा वकील बघ.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पोस्टात गळाले का?

प्रेमला पानसे


सिंहगड रस्ता
१४ जुलै २००१

ती. आत्यास नमस्कार.

या वेळी एसी नाही, पंखाही नाही. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसतात ते ॲड. मच्छिंद्र टाकवले. फी बाराशे, पावती देणार. माणूस साधा आहे. मुळशीकडचा, बोलणे गावाकडचे. मला म्हणाले, "सायेब, घाबरायचं काम न्हाय. असल्या केसा म्या पायलीला पन्नास बघितल्या हायेत." नादारीचा नंबर मात्र एकही दिला नाही. म्हणाले, "लक्षात कोन ठेवतंय?"

त्यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. अर्ज करायच्या आधी फ्लॅट रूपालीच्या नावाने बक्षीसपत्र करून टाकायचा. मग माझ्या नावावर उरतात बावीस जुने कॉम्प्युटर आणि खुर्च्या. त्या कोर्टाने खुशाल न्याव्यात. फ्लॅट वाचेल. दस्त ते स्वतःच टाइप करून घेणार आहेत, त्याचे सातशे वेगळे. गुरुवारी सकाळी नोंदणी करायची ठरली आहे.

जामीनदाराचा प्रश्न आमच्या बाबतीत तितकासा लागू होत नाही, म्हणून विचारला नाही.

आता तरी तुझे समाधान होईल असे वाटते. बाराशे रुपये म्हणजे मोहोळकरांच्या रिसेप्शनवरच्या फुलांचा खर्च.

दत्तप्रसाद


नारायण पेठ
१७ जुलै २००१ (दत्तोबाच्या हाती)

दत्तू,

सही करू नकोस. दत्तोबाला पाणी दे आणि त्याच्यासमोर हे पूर्ण वाच.

नादारीच्या अर्जाआधी दोन वर्षांत फुकट दिलेली मालमत्ता कोर्ट परत ओढून घेऊ शकते. हे कायद्यात १९२० सालापासून लिहिलेले आहे, टाकवले वकिलांपर्यंत अजून पोचलेले नाही. फ्लॅट तर जाईलच, वर 'या माणसाने घेणेकऱ्यांना फसवायला घर बायकोच्या नावावर केले' असा शेरा जन्मभर तुझ्यामागे लागेल. तुझ्याबरोबर रूपालीलाही कोर्टात उभे करतील. त्या पोरीने क्लासचा एक रुपया पाहिला नाही, तिला पिंजऱ्यात उभी करण्याइतका तू मोठा झालास का?

टाकवले भाडेकरार चांगले करतात. मी त्यांना वीस वर्षे ओळखते. कोणी विचारले तर किडनीचे ऑपरेशनही ते बाराशे रुपयांत करून देतील. महाग वकील तुला लुटायला निघाला होता आणि स्वस्त वकील तुला बुडवायला. तू दोघांनाही तितक्याच आदराने ऐकलेस.

'तितकासा लागू होत नाही' म्हणजे किती लागू होत नाही? पेठेतली सहकारी बँक जामीनदाराशिवाय पेनातली शाईसुद्धा उसनी देत नाही. मला शिकवू नकोस.

आता नाव सांगते, कारण तुला आणखी एक वकील स्वतः शोधू देणे धोक्याचे आहे. ॲड. हेमा वाघोलीकर, शनिवार पेठ, जिना चढून उजवीकडे. बाहेर बाक आहे, त्याचा एक पाय लंगडा आहे, भिंतीकडून बस. फी हप्त्यांनी घेतात आणि चार आण्यांची झेरॉक्सही पावतीवर लिहितात. कोर्टात आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

प्रेमला पानसे


सिंहगड रस्ता
९ ऑगस्ट २००१

ती. आत्यास नमस्कार.

दस्त केला नाही. टाकवल्यांनी टायपिंगचे सातशे मात्र परत दिले नाहीत.

हेमाबाईंकडे तीनदा जाऊन आलो. पहिल्या दोन वेळा बरे चालले. तुझा पहिला प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी अकरा अर्ज सांगितले आणि त्यांतले चार फेटाळले गेले हेही सांगितले. फी आठ हजार, दरमहा हजार. फ्लॅटवर आधी घरकर्ज आहे, ते देणारा आधी उभा राहील, बाकीच्यांच्या वाट्याला त्यातून थोडेच येईल, हे कागदावर मांडून दाखवले. मला वाटले, झाले.

तिसऱ्या खेपेला त्यांनीच मला विचारले, "जामीनदार कोण?" मी म्हणालो, ते एक औपचारिक नाव आहे, त्यांना यात आणायची गरज नाही. त्यांनी पेनाला टोपण लावले. म्हणाल्या, "पानसे, तुम्ही नादार झालात की तुमच्यामागचा तगादा थांबेल. बँकेचा थांबणार नाही, ती जामीनदाराकडे वळेल. तुम्ही सुटणार आणि ते अडकणार. त्यांचे नाव यादीत यायला हवे आणि त्यांना हे तुम्ही स्वतः सांगितले आहे असे त्यांच्या हातचे पत्र मला हवे. त्याशिवाय मी हा अर्ज चालवणार नाही." मग माझी फाइल त्यांनी माझ्याकडेच सरकवली.

आत्या, ही अट कायद्यात कुठेच नाही. त्यांचा स्वतःचा हट्ट आहे. तुझी त्यांची जुनी ओळख आहे. तू शब्द टाकलास तर त्या सोडून देतील. बँकेने क्लासच्या गाळ्याला जप्तीचा कागद चिकटवला आहे, माझ्याकडे वेळ नाही. एवढे एक कर.

दत्तप्रसाद


नारायण पेठ
१३ ऑगस्ट २००१

दत्तप्रसाद,

शब्द टाकणार नाही. एकतीस वर्षांत मी स्वतःच्या भावासाठी, म्हणजे तुझ्या वडिलांसाठीसुद्धा, साधी पुढची तारीख मागून घेतली नाही.

अट कायद्यात नाही हे खरे आहे. खोटे बोलू नये हेही बहुतेक कायद्यांत लिहिलेले नाही.

जामीनदार म्हणजे कोण, ते एकदा समजून घे. तुझ्या नुसत्या बोलण्यावर ज्याने कोऱ्या जागेत आपले नाव लिहिले, तो. दोन महिन्यांत तू तीन वकिलांपुढे जाऊन बसलास, त्यांचा एसी पाहिलास, टेबल पाहिलेस, बाक पाहिलास. त्या माणसासमोर एकदा तरी जाऊन बसलास का? बँकेचा कागद गाळ्याला चिकटल्यावर तुला घाई झाली. त्याच्या दाराला काय चिकटले आहे याची चौकशी केलीस?

मला उत्तर लिहू नकोस. त्याला लिही.

प्रेमला पानसे


सिंहगड रस्ता
२ सप्टेंबर २००१

ती. आत्या,

तुझ्या पत्राला वीस दिवस झाले. रोज कागद घेऊन बसत होतो. काल रूपाली म्हणाली, "आज लिहिले नाहीस तर उद्या मी नारायण पेठेत जाते." म्हणून तरी लिहितो.

जामीनदार तू आहेस.

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी झाली आणि मी तुझ्याकडे आलो होतो. बँकेच्या मॅनेजरने ओळखीपोटी फॉर्म घरी न्यायला दिला होता. तुला मी म्हणालो, आत्या, ही फक्त ओळखीची सही आहे, मी तुझा भाचा आहे एवढेच यात लिहिले आहे. फॉर्मचा वरचा अर्धा भाग मी घडी घालून मागे दुमडला होता. तुला खालच्या दोन रेघाच दिसत होत्या. तू चष्मा लावलास, कुठे म्हणून विचारलेस आणि सही केलीस. ज्या बाईने जन्मभर लोकांना न वाचता सही करू नका म्हणून झापले, तिने माझ्या कागदावर न वाचता सही केली. त्या दिवशी मला आपण फार हुशार आहोत असे वाटले होते. तीन वर्षे त्याची आठवण आली की अन्न गोड लागत नाही.

तुझा तिसरा प्रश्न मी मोहोळकरांना विचारला होता. ते म्हणाले, "दॅट इज हिज हेडेक." टाकवल्यांनाही विचारला, विचारला नाही असे तुला लिहिले ते खोटे. ते म्हणाले, "म्हातारी हाय ना? मग कशाला ईचार करताय?" ही उत्तरे तुला कशी लिहायची?

हडपसरला एका ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली आहे. साडेसहा हजार मिळतील. अर्जासोबतची घेणेकऱ्यांची यादी मी पुन्हा लिहिली आहे. त्यात पहिले नाव तुझे घातले आहे, रक्कम मोकळी ठेवली आहे. ती सोबत पाठवतो. तू मला वाटेल ते बोल. हेमाबाईंसाठी पत्र दिले नाहीस तरी माझी तक्रार नाही.

दत्तू


नारायण पेठ
५ सप्टेंबर २००१

चि. दत्तू यास आशीर्वाद.

अखेर उत्तर आले. टपालखाते फारच सावकाश झाले आहे, जूनमध्ये विचारलेला प्रश्न सप्टेंबरात पोचतो.

आता माझे ऐक. अठ्ठ्याण्णव साली मी चष्मा लावल्यावर तू पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलास. माठावरचे झाकण तुझ्या हातून पडले, आठवते? तेवढ्या वेळात मी घडी उलगडली. कर्ज किती, व्याज किती, जामीनदाराची जबाबदारी काय, सगळे वाचले. मग घडी पुन्हा जशी होती तशीच घातली आणि सही केली. आत्या न वाचता सही करते, असे तीन वर्षे समजत होतास. एकतीस वर्षे मी काय तिथे उदबत्त्या लावत होते?

सही का केली, ते विचारू नकोस असे म्हणणार होते. पण सांगते. तू शिकवायचास चांगले. पानशांच्या घरात सगळ्यांनी दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत खर्डेघाशी केली, एकाने तरी स्वतःचे काही काढावे असे वाटले. तो माझा मूर्खपणा, त्याला तू जबाबदार नाहीस.

बँकेची जामीनदाराला जाणारी नोटीस मला १४ जूनला मिळाली. तुझ्या पहिल्या पत्राच्या चार दिवस आधी. माझी ठेव त्याच बँकेत आहे, ती त्यांनी अडवून ठेवली. पेन्शनला हात लावता येत नाही हे त्यांना मीच जाऊन लिहून दिले. कानाचे चांगले मशीन त्या ठेवीतून घ्यायचे होते, ते राहिले. त्याचे वाईट वाटले. पण खरा राग आला तो तुझ्या पहिल्या पत्रातल्या एका वाक्याचा. बँकेच्या कागदांत तू लक्ष घालू नकोस म्हणालास. नोटीस माझ्यापुढे टेबलावर होती आणि मी ते वाक्य वाचत होते. मला रडू आले. हे मी कोणाला सांगितलेले नाही, कांताबाईंनाही नाही.

वकिलाचे नाव मला पहिल्याच दिवशी सांगता आले असते. हेमाबाई तेव्हाही शनिवार पेठेतच बसत होत्या. पण तिसरा प्रश्न वकिलांसाठी नव्हता.

यादी परत पाठवते आहे. माझ्या नावापुढची रक्कम ठेवीपुरती भरली आहे. टपालाची तिकिटे त्यात धरलेली नाहीत. कोर्टाने तुला मोकळे केले की तू मला देणे लागतोस तेही कायद्याने सुटेल. माझ्याकडून सुटायचे असेल तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे यायचे, माझ्या उजव्या कानाशी बसायचे आणि महिन्याभरात काय केले ते मोठ्याने सांगायचे. कांताबाई ऐकतील, ऐकू देत.

हेमाबाईंना द्यायचे पत्रही सोबत आहे. त्यात लिहिले आहे की मी प्रेमला पानसे जामीनदार असून माझा भाचा नादारीचा अर्ज करणार आहे, हे मला त्याने स्वतः सांगितले आहे. नीट पाहिलेस तर वकिलांच्या नावाची शाई वेगळी दिसेल. ती जागा मी मोकळी सोडली होती, नाव काल भरले. नोटिशीतला आकडा पाहूनच तू नादारीकडे वळणार आणि भला वकील असे पत्र मागणार हे ओळखले होते, म्हणून बाकीचे पत्र नोटीस आल्याच्या दुसऱ्या दिवशीच लिहून कपाटात ठेवले होते. तारीखही तीच आहे, १५ जून. एवढे दिवस ते पाठवता आले नाही, कारण 'त्याने स्वतः सांगितले आहे' हे एक वाक्य परवापर्यंत खोटे होते.

आत्या